मंगळवार पेठेतलं आइस्क्रीम आणि नेसरीची पंगत

कागल

कोल्हापूरला मी गेलो तो कोल्हापूर पाहायला नव्हे. नाशिकच्या आमच्या कारखान्यात पंप बनतात. त्यांची ओतीव कामं तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून येत. माल गाडीत चढण्याआधी एकेक नग तपासायचा आणि शिक्का मारायचा, एवढंच माझं काम. पंचतारांकित हा शब्द ऐकून बायकोने बॅगेत इस्त्रीचे दोन शर्ट जास्तीचे घातले होते. प्रत्यक्षात उघडा माळ, बाभळी, नवे डांबरी रस्ते आणि धूळ.

साल दोन हजारच्या आसपासचं, महिना एप्रिल. सोमवारी सकाळी पोहोचलो तर भट्टी थंड. आतलं अस्तर ढासळलं होतं. ते नव्याने बसवून वाळेपर्यंत ओतकाम होणार नव्हतं. तिथला सुपरवायझर मोकळेपणाने म्हणाला, "पावणं, शुक्रवारपतूर तुमास्नी काय काम न्हाय. अंबाबाई करा, रंकाळा बघा, तांबडा रस्सा खावा."

"आणि रस्सा सोसला नाही तर?"

"मग आइस्क्रीम खावा की!"

आमच्याकडे अनोळखी माणसाशी बोलताना आवाज एक पट्टी खाली येतो. इथे तो एक पट्टी वर जातो. पहिले काही तास मला सगळेच माझ्यावर रागावलेत असं वाटत होतं. दुपारी ज्या खाणावळीत जेवलो तिथल्या बाईंनी "पोट भरलं का न्हाय? लाजताय काय!" असं दरडावून विचारत तिसरी भाकरी वाढली, तेव्हा हिशोब लागला.

मंगळवार पेठ

देऊळ आणि रंकाळा सोमवारीच झाले. मंगळवारी रस्सा झाला. तो सोसला नाही. संध्याकाळी पोटात आग घेऊन मी मंगळवार पेठेतल्या गल्ल्यांतून चालत होतो. एका तालमीजवळ वळताना, घरांच्या ओळीतच, दुकान म्हणावं की ओसरी म्हणावी अशी जागा दिसली. आत दोन बाकं, एक लांब टेबल, भिंतीवर बाबासाहेबांचा आणि शाहू महाराजांचा फोटो. दारात लाकडी पिंप, त्यावर ओलं गोणपाट. पाटीवर 'पॉट आइस्क्रीम' एवढीच अक्षरं. मालकाचं नाव नाही, दुकानाचंही नाही.

आत पन्नाशीचा, काळासावळा, बनियनवरचा माणूस आणि त्याच्या बरोबरीची बाई. तो पिंपाचा दांडा फिरवत होता, ती त्यावर बर्फ ठोकत होती.

"बसा की, पावणं. दमानं घ्या, अजून पाच मिनिटं हायत," तो म्हणाला.

ही पाच मिनिटं मी बघत बसलो. लाकडी पिंपात बर्फाचे खडे आणि जाडं मीठ. मधोमध जस्ताचा उभा डबा, त्यात आटवलेलं म्हशीचं दूध. दांडा फिरवला की डबा फिरतो, दूध कडेकडेने गोठत येतं. शेवटी दांडा हाताला जड लागायला लागला की झालं. त्या दिवशी सीताफळाचं नव्हतं, हंगाम नव्हता. आंब्याचं होतं. त्याने पिंपाच्या तळाचं बूच काढून खारं पाणी वाहून जाऊ दिलं, झाकणाच्या कडा कापडाने दोनदा पुसल्या आणि मग झाकण उचललं.

ते आइस्क्रीम गुळगुळीत नव्हतं. दाताखाली दुधाची बारीक कणी येत होती, आणि आंबा चवीला होता, रंगाला नव्हता. मी दुसरी वाटी मागितली. पोटातली आग तिसऱ्या वाटीला विझली. कोल्हापुरात भल्यामोठ्या काचेच्या ग्लासात फळं, जेली आणि सुकामेवा घातलेलं कॉकटेल आइस्क्रीम मिळतं. लोक त्याचं कौतुक सांगतात. मीही ते बुधवारी दुपारी खाल्लं. वाईट नव्हतं. पण बुधवारी संध्याकाळी पाय पुन्हा याच गल्लीत वळले.

तोवर नावं कळली होती. तो बापू कांबळे, ती शालन. पाटीवर नाव का नाही, असं मी विचारलं. उत्तर शालनबाईंनी दिलं.

"मी कवापासनं सांगतोय, नाव घाला. ह्ये म्हणत्यात, आदी चव कळू द्या, मग नाव."

कोल्हापूरकडच्या बाया स्वतःबद्दल 'सांगतोय', 'आलतो' असं बोलतात, हे मला तोवर सवयीचं झालं होतं.

"आणि चव कळली नाही का अजून लोकांना?"

"कळली की. पंधरा वर्सं झाली," बापू म्हणाले, आणि दांडा फिरवत राहिले.

त्या संध्याकाळी दोघं जरा घाईत होते. दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजच्या पलीकडे नेसरी गावात लग्नाची ऑर्डर होती, आणि दांडा फिरवणारा गडी जत्रेला म्हणून गेला तो परतलाच नव्हता. दूध चुलीवर आटत होतं. बापूंनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या दंडांकडे, पाहिलं.

"पावणं, उद्या मोकळं हायसा न्हवं?"

"आहे."

"मग चला की. गाव बघून हुईल. आमचंच हाय ते."

शालनबाई मधेच म्हणाल्या, "आमचंच हाय म्हणं. तीस वर्सांत वस्ती सोडून गावात पाऊल घातलंय का?"

बापूंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

निपाणी ओलांडून

गुरुवारी सकाळी सहाला मी गल्लीत हजर झालो. तीन पिंपं होती. एकेका पिंपाला सव्वा तास. पहिल्या वीस मिनिटांत मला आपलं अंग कमावलेलं आहे असं वाटलं. नंतर खांदे बोलायला लागले. शालनबाई बर्फ ठोकता ठोकता म्हणाल्या, "हात बदला, हात. खुळ्यागत एकाच हातानं काय फिरवताय?" तिसरं पिंप निम्म्याहून जास्त त्यांनीच फिरवलं.

बापूंचा जुना मॅटाडोर होता. मागे पिंपं दोरांनी आवळून बांधली, त्यांवर गोणपाटं, गोणपाटांवर पाणी. पुढे आम्ही तिघं. कागल गेलं, मग काही मैल कर्नाटक. निपाणीत पाट्यांची लिपी बदलली आणि टपरीवर चहा मागताना बापू सहज कानडीत बोलले. मला हे नवल वाटलं. त्यांना माझं नवल वाटणं नवल वाटलं. "गडहिंग्लजाकडचा माणूस हाय मी. माझी आज्जी रागावली की कानडीत रागवायची."

संकेश्वरच्या अलीकडे मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक निसटत होता. तासभर गेला. ऊन वर आलं आणि पिंपांखालून पाण्याची धार लागली. बापू चाकाशी झुंजत होते आणि शालनबाई दर पाच मिनिटांनी झाकणांवर हात ठेवून बघत होत्या, तापाच्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. गडहिंग्लजला बर्फाच्या कारखान्यात दोन लाद्या घेतल्या, रस्त्याच्या कडेलाच फोडल्या, मीठ पेरलं. बापूंनी एक झाकण पुसून, उघडून पाहिलं. घट्ट होतं. त्या दिवसात ते पहिल्यांदा हसले.

तिथून पुढे ते फारच कमी बोलले. बोलल्या त्या शालनबाई. लग्न रंगराव पाटलांच्या थोरल्या मुलीचं. रंगराव आणि बापू सातवीपर्यंत एका वर्गात होते. रंगराव काही कामाने कोल्हापूरला आले होते, कुणीतरी त्यांना या दुकानात आणलं. दोन वाट्या खाल्ल्यावर त्यांनी मालकाला ओळखलं. मग ऑर्डर दिली.

"खाल्ल्यावर वळखलं," शालनबाईंनी मला पुन्हा सांगितलं. "आदी न्हाय."

"काय फरक पडतोय?" बापू समोर बघत म्हणाले.

"मी कुठं म्हणतोय पडतोय म्हणून."

नेसरी

मांडव गावाच्या मधोमध होता. अक्षता पडायला अवकाश होता, पण सनई आणि लाउडस्पीकर यांचं भांडण सुरू झालं होतं. रंगराव पाटील फेटा सावरत स्वतः बाहेर आले. उंच, तांबूस गोरा, घामाने डबडबलेला माणूस. त्यांनी बापूंच्या खांद्यावर हात टाकला.

"आलास? मला वाटलं येतोस का न्हाय."

"ऑर्डर घेतल्यावर येणार की."

मॅटाडोर मांडवापासून जरा लांब, चिंचेखाली लावायला सांगितला. सावली होती, हे खरं. पिंपं तिघा-चौघांनी उचलून मांडवाच्या कडेला नेली. आणि मग रंगराव म्हणाले ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं, कारण पुढे मी त्याचा अर्थ लावत बसलो.

"बापू, तुमी दोघं दमलायसा. गाडीजवळ बसा निवांत. वाढायचं आमची माणसं बघतील."

बापू म्हणाले, "रंगराव, ह्येचं काढायचं येगळं असतंय. आदी खालनं पाणी सोडाय लागतंय, मग..."

"कळतंय रं. माझा भाऊ हाय की. त्यो बघील." हे बोलताना रंगराव दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारत होते. मग माझ्याकडे वळून, "पावणं, तुमी? कोल्हापूरचं न्हाय दिसत."

"नाशिकचा."

"मग हितं काय करताय? चला, पयल्या पंगतीला बसा."

मी गेलो. अक्षता टाकल्या आणि पहिल्या पंगतीला बसलो. हे नीट लिहायला हवं, कारण यात मला कुणी जबरदस्ती केली नव्हती. मसालेभात, भरलं वांगं, आमटी, जिलेबी आणि द्रोणात मठ्ठा. वांग्याला तिखट होतं, पण रश्शाच्या अनुभवानंतर ते किरकोळ वाटलं. अर्ध्या जेवणात मान वर केली तेव्हा मांडवाच्या दोन खांबांमधून चिंच दिसली. मॅटाडोरच्या पायरीवर बापू आणि शालनबाई बसले होते. एक माणूस त्यांच्यासाठी पत्रावळी घेऊन चालला होता. लग्नात गाडीवाल्यांना असंच गाडीजवळ वाढतात, आमच्याकडेही वाढतात, असं मी मनाशी म्हटलं. जिलेबी संपवली.

मग आइस्क्रीम आलं.

पंगतीच्या टोकाला रंगरावांचा धाकटा भाऊ, पांढरा झब्बा घातलेला धिप्पाड माणूस, पहिल्या पिंपाशी उभा राहिला. त्याने गोणपाट दूर केलं आणि झाकणाला हात घातला. बूच तळाशी तसंच होतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी झाकणाच्या काठाशी आलेलं मला बसल्या जागेवरून दिसत होतं. तीन दिवस मी हेच बघत आलो होतो. तोंड उघडायला हवं होतं. तिकडे चिंचेखाली बापू उठून उभे राहिले होते. शालनबाई त्यांना काहीतरी म्हणाल्या, ते पुन्हा खाली बसले. ते संभाषण मला परतताना कळलं. त्या म्हणाल्या होत्या, "सांगा की." ते म्हणाले होते, "सांगितलंय."

झाकण निघालं. पाणी आत गेलं. भावाने तेच ढवळून पळीने वाट्यांत घातलं आणि वाट्या सरसर पंगतीतून फिरल्या. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने पहिला चमचा तोंडात घातला, क्षणभर विचार केला आणि पत्रावळीवर थुंकला.

"आयला! मीठ हाय ह्यात!"

ओळीने थुंकण्याचे आवाज आले. कुणी हसलं, कुणी शिवी हासडली. नवऱ्याकडचे एक गृहस्थ वाटी पुढे सरकवून हात झटकत उठले. दुसरे दोघे उठण्याच्या बेतात होते. रंगराव धावत आले. त्यांचा चेहरा मी पाहिला. मुलीच्या लग्नात वऱ्हाडाच्या तोंडात मीठ. भाऊ पळी हातात धरून म्हणत होता, "मी काय केलंय? त्येनंच आसलं बनवून आणलंय!"

तेवढ्यात शालनबाई मांडवात होत्या. त्या कधी उठल्या, कशा आल्या, कुणालाच कळलं नाही. पदर कमरेला खोचलेला. त्यांनी भावाच्या हातातली पळी ओढून घेतली.

"व्हा बाजूला! बूच न काढता झाकाण उचललंस व्हय रं? आटीव दूध हाय ते, आटीव! सकाळपास्नं हात मोडलं आमचं, आन् तू मिठाचं पाणी घालून ढवळतोस? पोरीच्या लग्नात?"

पंगतीतले हात थांबले. लाउडस्पीकरसुद्धा त्या वेळी गाणं बदलत होता.

त्यांनी दुसऱ्या पिंपाचं बूच काढलं. पाणी मांडवाच्या शेणसारवल्या जमिनीवरून पंगतीच्या कडेने वाहत गेलं. कुणी कुणी पाय वर घेतले. मग मान वळवून, अख्ख्या नेसरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली.

"अवं! या की हिकडं! काय बसलाय गाडीपाशी!"

बापू आले. सावकाश, हात पंचाला पुसत. रंगरावांच्या समोरून गेले. रंगराव बाजूला झाले. त्यांनी जागा दिली की त्यांना सरकावं लागलं, हेही मला सांगता येणार नाही. बापूंनी झाकणाच्या कडा दोनदा पुसल्या, आत पाहिलं आणि वाढायला घेतलं.

पहिल्या ओळीत एक खूप म्हातारी बाई होती. तिने मघाची खारट वाटी बाजूला ठेवून नवी घेतली आणि डोळे बारीक करून वाढणाऱ्याकडे पाहिलं.

"कुणाचा रं तू?"

"बारकू कांबळ्याचा, अव्वा. बापू."

म्हातारी त्यांच्याकडे पाहत राहिली. वाटी तिच्या हातातच होती. मग तिने चमचा तोंडात घातला.

"लई गार हाय रं," ती म्हणाली आणि खात राहिली. शेजारच्यांनी खाल्लं. उठलेले गृहस्थ परत बसले.

उरलेल्या दोन पिंपांत चार पंगती झाल्या. शेवटच्या पंगतीला अर्धी अर्धी वाटीच मिळाली आणि त्यावरून बायकांनी आरडाओरडा केला. तो आरडाओरडा ऐकताना शालनबाईंच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समाधान म्हणेन. खारट पिंप बापूंनी गावाबाहेर ओढ्याच्या कडेला नेऊन ओतलं. सगळं. आम्ही ते पांढरं, पिवळसर दूध मातीत जिरताना पाहिलं.

परतताना

गडहिंग्लज मागे पडलं. ऊन उतरत होतं. उसाच्या फडांवरून वारा येत होता. मला राहवेना.

"बापू, मी पंगतीला जाऊन बसलो. तुम्ही तिकडे होता, आणि मी..."

"जेवला न्हवं पोटभर? मग झालं की."

थोड्या वेळाने शालनबाईंनी विचारलं, "वांगं कसं झालतं?"

"चांगलं होतं. तिखट होतं जरा."

"आमास्नी आलं तवा गार झालतं," त्या म्हणाल्या आणि बाहेर बघू लागल्या.

 

शुक्रवारी भट्टी पेटली. मी शनिवारी दिवसभर शिक्के मारले आणि रविवारी दुपारी, गाडीला वेळ होता म्हणून, मंगळवार पेठेत गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बापू एकटेच होते. मी त्यांना सरळ विचारलं. रंगराव खरंच दमलायसा म्हणून म्हणाले होते, की दुसरं काही होतं?

बापूंनी एक वाटी पुसून उपडी घातली.

"मला बी कळलं न्हाय बघा. शाळंत त्यो माझ्या डब्यातलं खायाचा. चोरून. चोरून म्हंजे माझ्यापास्नं न्हवं, घरच्यांपास्नं." त्यांनी दुसरी वाटी घेतली. "काल फोन आलता त्येचा. धाकटीचं बी ठरलंय, वैशाखात. परत आइस्क्रीम पाहिजे म्हणाला."

"मग?"

"म्हणालो, येतो. पण आदी पंगतीला बसणार, मी आणि ही. जेवणार. मग वाढणार."

"काय म्हणाले?"

"व्हय म्हणाला." बापूंनी टेबलावरचं पाणी फडक्याने निपटलं. "पण व्हय म्हणायला उशीर लागला त्येला. फोनवर नुसता त्येच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत हुता. मी बी काय बोललो न्हाय. ऐकत बसलो."

मी माझा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि स्टेशनवर गेलो.

जूनमध्ये नाशिकला एक आंतरदेशीय पत्र आलं. अक्षर शालनबाईंचं होतं, मजकूर बापूंचा असावा, कारण बोलणं कमी होतं. पाऊस अजून नाही. गडी परत आला. तुम्ही बऱ्यापैकी दांडा फिरवत होता, असं ही म्हणते. मग नेसरीचं, धाकटीच्या लग्नाचं. पहिली पंगत वऱ्हाडाची झाली. आम्ही दुसरीला बसलो. रंगा समोर उभा राहून वाढत होता. आमच्या उजवीकडे दोन पाट रिकामे राहिले, ते शेवटपर्यंत रिकामेच होते. डावीकडे बसले ते लोक जेवले, बोलले. वांगं गरम होतं. आम्ही घाई केली नाही, ताक मागून घेतलं. तवर पिंपाकडं बघायला कुणी नव्हतं, त्यामुळं आइस्क्रीम जरा पातळ झालं. लोकांनी तसंच खाल्लं.